सांदवाडीतलं तळं आणि झडीचं पाणी

"बापू, तुह्यं तळं माह्या मिरचीत आलं."

झडीचा तिसरा दिवस, पहाटेची वेळ. शेजारचे काकाजी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कुंपणापाशी उभे होते. टॉर्च घेऊन मागे गेलो तर तळ्याच्या खालच्या पाळीला हातभर खिंडार पडलेलं. तळ्यात घोट्याएवढं गढूळ पाणी, कमळाची पानं चिखलात लोळलेली, आणि काकाजींच्या मिरचीची चार तासं, म्हणजे ओळी, गाळाखाली.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर तालुक्यातलं. गावाच्या एका अंगाला काळी कन्हार, दुसऱ्या अंगाला मुरमाड टेकाड. घरामागच्या सांदवाडीत मी हौसेने तळं खोदलं होतं. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, मधोमध कमरेच्या थोडं वर खोल. पहिल्या वर्षी पाऊस बेताचाच झाला आणि तळं अर्धंच भरलं. म्हणून मी टिनाच्या छताचं पाणी पाइपाने त्यात आणलं, वरच्या वाडीतली एक चारीही तिकडे वळवली. दुसऱ्या वर्षी हे सगळं पाणी एकदम आलं.

काकाजींनी भांडण केलं नाही. खिंडार पाहून एवढंच विचारलं, "पान्याले यायची वाट देल्ली, जायाची देल्ली का?" दिली होती. दोन इंची पाइप होता. त्याने काय केलं ते पुढे येईलच. त्या वर्षीपासून हा विषय माझ्या मागे लागला. जे कळलं आणि करून पाहिलं ते सांगतो. तुमचं तळं कमळांसाठी असो, माशांसाठी असो की भाजीला पाणी घालायला, गणित तेच आहे.

किती पाणी येतं?

हिशेब सोपा आहे, तरी तो कुणी करत नाही. मीही केला नव्हता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. बाकीचा सगळा गुणाकार.

पेपरात "अतिवृष्टी" वाचतो तेव्हा महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झालेला असतो. आपण हिशेबाला सोपा म्हणून १०० मिलिमीटर धरू. विदर्भात हा आकडा काही फार दूरचा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभरीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं.

माझं तळं २४ चौरस मीटरचं. त्याच्या तोंडावर थेट पडलेला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २,४०० लिटर. पातळी चढली १० सेंटिमीटर. कुणालाही यात घाबरण्यासारखं काही दिसणार नाही, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो.

आता छत धरा. ८० चौरस मीटर टिन, त्यावर ८,००० लिटर. उडालेलं, सांडलेलं सोडून ७,२०० तरी पाइपात येतं. तळं आणखी ३० सेंटिमीटर चढलं. आणि मी वळवलेली ती चारी? तिच्या वरची वाडी सातबाऱ्यावर सहा आर आहे, म्हणजे ६०० चौरस मीटर. तिच्यावर ६०,००० लिटर पडतं. त्यातलं निम्मं जमिनीने प्यायलं तरी ३०,००० लिटर वाहत येतं. २४ चौरस मीटरच्या तळ्यात तेवढं पाणी म्हणजे सव्वा मीटर. तळ्याची सगळी खोलीच तेवढी!

म्हणजे तळ्याचा आकार बघून भागत नाही. तळ्यात कुठून कुठून पाणी येतं ती सगळी जागा बघावी लागते. सिंचनवाले तिला पाणलोट म्हणतात, आमच्याकडे जुनी माणसं येवा म्हणतात. भर पावसात छत्री घेऊन तळ्यापासून उलटं चालत जा, पाणी जिथून येतंय तिथवर. टेपाने नाही, पावलांनी मोजलं तरी चालेल. माझी चारी शेजारच्या गोठ्यामागून सुरू होते हे मला असंच कळलं. ती जागा माझ्या हिशेबात नव्हतीच.

यात एक भानगड मातीची आहे. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला एवढ्या भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात, वाहत काहीच येत नाही. मग माती भिजते, फुगते, भेगा मिटतात. एकदा त्या मिटल्या की तासाला काही मिलिमीटरच्या वर पाणी आत जात नाही. त्यामुळे जूनमध्ये ५० मिलिमीटर पडूनही तळं कोरडं राहतं आणि ऑगस्टात झडीच्या चौथ्या दिवशी तेवढाच पाऊस तळं फोडतो. जूनचा अनुभव धरून ऑगस्टची सोय केली की फसतो. मी फसलोच.

एकूण पाण्याइतकाच त्याचा वेगही बघायचा. दिवसभराच्या रिमझिमीत १०० मिलिमीटर पडले तर पाण्याला जायला वेळ मिळतो. पण जोराची सर येते तेव्हा मिनिटाला एक मिलिमीटर पाऊस सहज पडतो. माझ्या जागेत तेव्हा मिनिटाला सुमारे ४०० लिटर पाणी तळ्याकडे निघतं. डिझेलचे दोनशे लिटरचे ड्रम आठवा. दर मिनिटाला असे दोन ड्रम तळ्यात रिकामे होतायत आणि तेवढंच बाहेर जायला हवंय.

दोन इंची पाइपाची गोष्ट

आता माझा तो पाइप. दोन इंची पाइपाच्या तोंडावर चार बोटं पाणी चढलं तर त्यातून मिनिटाला साधारण १०० लिटर जातं, तेही तोंड स्वच्छ असेल तर. येतंय ४००, जातंय १००. वर कडुनिंबाची काडी-पानं त्याच्या तोंडाशी जमली होती. शंभराचे किती उरले असतील तुम्हीच बघा.

चार इंची पाइप दुप्पट वाटतो, पण त्याचं तोंड चौपट असतं. त्याच स्थितीत तो मिनिटाला चारशेच्या आसपास नेतो. माझ्यासारख्या तळ्याला तो जेमतेम पुरतो. मात्र पाइपाची खोड अशी की एकदा तो पूर्ण बुडाला की वरचं पाणी दुप्पट चढलं तरी त्याचा प्रवाह दीडपटही होत नाही. पाऊस वाढतो, पाइप मात्र तेवढाच राहतो.

उघडा सांडवा वेगळा वागतो. सांडवा म्हणजे पाळीत मुद्दाम ठेवलेली रुंद, सपाट, खालची जागा. वरून उघडी. तिच्यावरच्या पाण्याची खोली दुप्पट झाली की वाहून जाणारं पाणी पावणेतीन पटींहून जास्त होतं. दोन फूट रुंद सांडव्यावरून चार बोटं पाणी वाहू लागलं की मिनिटाला हजार लिटरच्या वर निघून जातं. पानं आली, काडी आली, मेलेला बेडूक आला, सगळं त्यावरून जातं. अडकायला काही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाइप हवा तर ठेवा, रोजच्या किरकोळ पाण्याला तो बरा, पण त्याच्या वर चार बोटांवर उघडा सांडवा असलाच पाहिजे. पाइपावर भरवसा ठेवून झोपू नये.

पाइप ठेवणार असाल तर दोन गोष्टी. त्याचं आतलं तोंड कोपरा लावून पाण्यात खाली वळवा, म्हणजे वर तरंगणारा पालापाचोळा आत ओढला जात नाही. पण तसं केलं की दुसरी गंमत होते. पाइप भरून वाहायला लागला आणि बाहेरचं टोक उतारावर असलं की तो नळीने टाकीतलं डिझेल ओढावं तसं तळं ओढायला लागतो, आणि वळवलेलं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. त्यावर उपाय चहाच्या घोटाएवढा: कोपऱ्याच्या माथ्यावर एक भोक पाडायचं. पाणी खाली गेलं की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते.

दुसरं, पाळीतून पाइप नेला की पाणी पाइपाच्या आतूनच जातं असं नाही. ते त्याच्या अंगाने, बाहेरूनही वाट काढतं. गोल पाइपाच्या पोटाखाली माती नीट ठोकली जात नाही. तिथून आधी ओल, मग धार, मग मातीसकट पाणी. माझी पाळ फुटली ती बरोबर पाइपापाशी. आता पाइप टाकताना मी दोन्ही बाजूंनी ओलसर चिकण माती वीतभर थरांनी घालून धुम्मसाने ठोकतो, आणि मध्ये सिमेंटची एक ताटाएवढी चकती पाइपाभोवती बसवली आहे, म्हणजे अंगाने येणाऱ्या पाण्याला आडकाठी होते.

सांडवा कुठे काढायचा?

याचं उत्तर मला काकाजींनी दिलं. त्यांची सासुरवाडी पवनीकडची, आणि तिकडे गावोगाव तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आमच्या नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा मिळून असे हजारो तलाव आहेत. त्यातले बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जमीनदारी, गेली आणि हे तलाव "माजी मालगुजारी", तोंडात बसायला सोपे म्हणून "मामा तलाव" झाले.

या तलावांना पाळ असते, पाणी सोडायला तुडूम असतो आणि जादा पाणी जायला सलंग असते. सलंग म्हणजे आपला सांडवा. काकाजी म्हणाले, "सलंग पायली का कोनत्या तलावाची? पारीच्या मधात कदी दिसली?" नाही दिसली. ती पाळीच्या टोकाला असते, जिथे मानवी हाताने घातलेली माती संपते आणि मूळची जमीन सुरू होते.

यात सगळं शहाणपण आहे. घातलेली माती कितीही ठोकली तरी ती घातलेलीच. तिच्यावरून पाणी वाहिलं की एक लहान चर पडतो, चर पडला की जास्त पाणी तिकडे ओढलं जातं, जास्त पाण्याने चर आणखी खोल होतो. सुरुवातीला बोटभर असलेली धार तासाभरात पाळ घेऊन जाते. मूळची जमीन, विशेषतः मुरूम असेल तर, अशी सहजी कापली जात नाही. तिच्यात गवताची मुळं असतात, ती वर्षानुवर्षं दबलेली असते. म्हणून परसातल्या चिमुकल्या तळ्यालाही सांडवा पाळीच्या मध्यावर नको, बाजूच्या कोऱ्या जमिनीवर काढा. तिथे उंची जास्त असेल तर जमीन खोदून उतरवा, पण पाळ कापू नका.

उंची किती? सांडव्याचा तळ पाळीच्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा फूटभर खाली असावा. "सगळ्यात खालच्या" हे शब्द महत्त्वाचे. पाळ डोळ्याला सपाट दिसते, पाण्याला दिसत नाही. माझी पाळ एका ठिकाणी चार बोटं खचली होती, नेमकी काकाजींच्या बाजूला. नवी माती पहिल्या पावसाळ्यात बसतेच, म्हणून ती थोडी वर ठेवायची आणि दरवर्षी मोजायची. मोजायला गवंड्याची लेव्हल नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक सांडव्यात उभ्या केलेल्या काठीवर धरायचं, दुसरं पाळीवर फिरवायचं. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं. दोन माणसं आणि अर्धा तास, बस्स.

पडणाऱ्या पाण्याखाली काय?

सांडव्यावरून पाणी खाली पडतं तिथे ते खड्डा करतं. खड्डा मोठा होतो आणि त्याची वरची कड ढासळत ढासळत मागे, तळ्याकडे, सरकते. सांडवा वरून शाबूत दिसतो आणि खालून पोखरला जातो. म्हणून पाण्याला एकदम उडी मारू द्यायची नाही. उतार लांब, आडवा, हळू ठेवायचा. पडतं तिथे आधी मुरूम-गिट्टीचा थर आणि त्यावर दोन्ही हातांनी उचलावे लागतील एवढे दगड, एकमेकांत घट्ट बसवलेले. नुसते दगड मातीवर टाकले तर खालची माती फटींतून धुऊन जाते आणि दगड बसकण मारतात, म्हणून खालचा थर चुकवू नये. दगडांच्या पुढे हरळी लावा. हरळी शेतात कुणाला नको असते, इथे तिच्यासारखं काही नाही. कडेला वाळ्याचे ठोंब लावले तर मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

पाळीवर मात्र झाड नको. सावलीला म्हणून मी करंज लावणार होतो. झाड मोठं झालं की वाऱ्याने हलतं, माती सैल होते. मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी आरपार बिळं राहतात. घुशी आणि खेकडे तर बिळं करायला टपलेलेच असतात.

जादा पाणी शेवटी जाणार कुठे?

बहुतेक लोक सांडव्यापाशी थांबतात. पाणी आपल्या तळ्यातून गेलं की आपलं काम संपलं. पण पाण्याचं संपलेलं नसतं.

पहिला सल्ला सगळे देतात तो शोषखड्ड्याचा. मुरमाड जमिनीत तो चांगला. काळ्या मातीत गणित करून पाहा. दोन मीटर बाय दोन मीटरचा खड्डा, तळ चार चौरस मीटर; भिजलेली काळी माती तासाला पाच मिलिमीटर पितेय असं उदार मनाने धरलं तरी तासाला २० लिटर. आणि येतंय मिनिटाला ४००! खड्डा भरेल आणि डासांची सोय होईल. खोदून मुरूम लागला तरच शोषखड्ड्याच्या नादी लागा.

विहीर पुनर्भरण करायचं असेल तर ते छताच्या पाण्याने, वाळू-गिट्टीच्या टाक्यातून गाळून. तळ्यातून सांडलेलं पाणी विहिरीत सोडू नका. त्यात शेण आहे, वाडीतला युरिया आहे, आणि ती विहीर कुणाच्या तरी पिण्याची असते.

मी काय केलं? सांडव्याखाली एक लांबट, उथळ खोलगट जागा केली आणि तिथे धोपा आणि कर्दळी लावली. धोपा म्हणजे पुण्याकडचं अळू. दोन्हींना पाय ओले चालतात. पाणी तिथे पसरतं, दमतं, गाळ टाकतं आणि मग संथपणे पुढे जातं. पपई तिथे टिकत नाही, दोन दिवस पाणी साचलं की मान टाकते. आणि संत्र्याच्या बुडाशी हे पाणी जाऊ देऊ नका. मुळाशी पाणी तुंबलं की डिंक्या रोग येतो; संत्रा पिकवणाऱ्या भागात हे सांगायची गरज नाही, पण बागेच्या वर तळं खोदणारे विसरतात.

तिथून पुढे पाणी धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कडेने रस्त्याच्या नालीत आणि तिथून नाल्यात जातं. ही वाट काकाजींच्या धुऱ्याला लागून आहे, म्हणून ती आखताना त्यांना सोबत घेतलं. उताराने आपोआप येणारं पाणी खालच्या शेतवाल्याने येऊ द्यावं, असं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही आहे. पण आपण पाणी गोळा करून, पाइपात घालून, एका जागी धो धो सोडलं तर ते आपोआप आलेलं राहत नाही. कायदा बाजूला ठेवा. धुऱ्यावरून झालेली भांडणं आमच्या तालुक्यात नातवंडांपर्यंत चालतात.

आत कमी येऊ द्या

बाहेर काढण्याची एवढी सोय केल्यावर मला सुचलं की मुळात एवढं आत घ्यायचंच कशाला? तळं भरल्यावर येणारं पाणी बाजूने निघून गेलं तर सांडव्याला काम कमी. आता चारी तळ्याच्या बाजूने जाते आणि तिच्यातून तळ्याकडे एक लहान फाटा आहे. फाट्याच्या तोंडाशी विटा रचून दार केलंय. जूनमध्ये दार उघडं, तळं भरलं की दोन विटा लावायच्या. पाणी सरळ पुढे जातं. फाट्यात आधी एक गाळखड्डा आहे, दोन घमेली गाळ दर आठवड्याला निघतो. तो तळ्यात गेला असता.

छताच्या पाइपालाही असंच तोंड आहे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी, ज्यात पक्ष्यांची घाण आणि वर्षभराची धूळ असते, बाहेर सोडतो.

याचा फायदा पाण्याच्या रंगातही दिसला. वाडीतलं शेणाचं पाणी थेट येत होतं तेव्हा तळं आठवड्यात हिरवंगार व्हायचं, आणि ढगाळ दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसायचे. झडीत ऊन नसतं, पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू कमी तयार करतात आणि रात्री स्वतःच वापरतात, वर कुजणारं शेण उरलेला खातं. पाणी जास्त झालं म्हणून मासे मरत नाहीत, घाण पाणी आलं म्हणून मरतात.

मासे सांडव्यावरून पळतात हाही प्रश्न असतो. जाळी लावली तर ती पानांनी तुंबते आणि सांडव्याचा बांध होतो. जाळी लावायचीच तर सांडव्याच्या तोंडावर ताणून लावू नका, तळ्यात हातभर आत अर्धगोल लावा, म्हणजे तिचा पसारा मोठा राहतो. आणि तळ्यात काय पाळता ते पाहा, कारण झडीत ते नाल्यात जाणारच. डासांसाठी सोडतात ते गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, जलपर्णीही तिकडचीच. आफ्रिकन मांगूर पाळायला तर बंदीच आहे. आपल्याकडच्या डबक्या-बोड्यांतले बारके मासेही डासांच्या अळ्या खातात.

झड लागल्यावर

तळ्यात जागा व्हावी म्हणून भर झडीत मोटर लावून ते उपसू नका, ही चूक मी होताना पाहिली आहे. आजूबाजूची माती पाण्याने तट्ट भरलेली असते. आतलं पाणी तिला आतून टेकू देत असतं. ते झपाट्याने उतरलं की काठ आत ढासळतो. पन्नी अंथरलेल्या तळ्यात तर बाहेरचं पाणी पन्नीखाली शिरतं आणि ती मधोमध म्हशीच्या पाठीसारखी फुगून वर येते. रिकामं करायचं तर पाऊस लागण्याआधी, हळूहळू. शिवाय झडीत लाइट किती वेळ असते ते सांगायला नको, आणि ओल्या हातांनी मोटरचं बटण दाबायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

झडीत करायचं ते एवढंच. आधी येणारं पाणी वळवा. मग सांडव्यावरचा कचरा काढा, लांब दांडीच्या फावड्याने, काठावर वाकून नाही. मग पाळीच्या बाहेरच्या बाजूने चालत जा आणि ओल बघा. बाहेर पाणी पाझरत असेल आणि ते नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर पाळीच्या आतली माती निघून जातेय असं समजा. तिथे बाहेरून आधी वाळू-गिट्टी आणि तिच्यावर मातीची पोती टाका, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. पाळ कुठे खाली वाटली तर तिथेही पोती. या धावपळीत घरातली लहान मुलं मागे येतात, त्यांना आत ठेवा. भरलेल्या तळ्याचा काठ शेवाळाने निसरडा असतो, आणि पन्नीच्या तळ्यातून तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला गाठी मारलेला एक दोर कायम बांधून ठेवा.

हे सगळं परसातल्या तळ्यापुरतं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं सुमारे २२ लाख लिटरचं असतं. त्याची पाळ फुटली तर मिरचीची चार तासं जाऊन भागत नाही. तत्त्वं हीच असली तरी तिथे सांडव्याचं माप कृषी खात्याच्या माणसाकडूनच काढून घ्या.

एक शेवटची युक्ती, तीही काकाजींचीच. सांडवा पावसाळ्यापुरता खाली ठेवला की हिवाळ्यात तेवढं पाणी कमी मिळतं. म्हणून सांडव्याच्या दोन्ही बाजूंना दगडात खाचा करून घेतल्या आहेत. हत्ती (हस्त) नक्षत्र गेलं, सोयाबीन घरात आलं की खाचांत पाच बोटं रुंद सागाची फळी सरकवायची. पातळी तेवढी चढते, पाळीला अजून वीतभर मोकळी जागा उरते, आणि डिसेंबरात मेथी-सांभाराला (कोथिंबिरीला) पाणी मिळतं. मेच्या शेवटी फळी काढून गोठ्याच्या आढ्याला टांगायची. गेल्या वर्षी मी ती काढायला विसरलो होतो. मृगाच्या आदल्या संध्याकाळी काकाजी स्वतःच कुंपण ओलांडून आले, फळी उपसली आणि माझ्या ओसरीवर आणून ठेवली.

"माह्या मिरचीचं रोप टाकून झालं," म्हणाले, "म्हनून आलो."